सातबारा पोपच्या नावावर: फ्रान्सिस्कन ऑर्डर उभी कशी राहिली

ओल्ड गोव्याला गेलात की एक गोंधळ हमखास होतो, आमचा तर झालाच होता. बॉम जीझस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियरचं शव बघायचं, बाहेर येऊन रस्ता क्रॉस करायचा, आणि समोर से कॅथेड्रलच्या शेजारी अजून एक चर्च दिसतं, त्याचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी लगेच निकाल लावून टाकला, "अगं तोच तो, बॉडी तिकडे आणि चर्च इकडे."

तोच तो नाहीये. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, तो जेझुइट, आणि ती ऑर्डर मंजूर झाली १५४० मध्ये. असिसीचा फ्रान्सिस त्याच्या तीनशेएक वर्षं आधीचा, इटलीतल्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा, तो भारतात कधी आलाच नाही. पण त्याची माणसं आली, आणि ती गोव्याच्याही कितीतरी आधी आपल्या ठाण्यात आली होती, ते शेवटी सांगतो. आधी ही ऑर्डर उभी कशी राहिली ते बघू, कारण ज्या माणसाला कशाचीच मालकी नको होती त्याच्या नावाने जगभर पसरलेली संस्था तयार होते, हे मला कायम कोड्यासारखं वाटत आलंय.

आधी ऑर्डर म्हणजे काय ते. एका ठरलेल्या नियमावलीखाली, व्रतं घेऊन, एकत्र राहणाऱ्या लोकांचा संघ. मराठी ख्रिस्ती लिखाणात धर्मसंघ असा शब्द येतो. व्रतं तीन: गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. फ्रान्सिस्कन लोकांच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात त्या ह्याच तिघांच्या. फ्रान्सिसच्या आधी अशा संघांचं मॉडेल जवळपास सातशे वर्षं जुनं होतं, संत बेनेडिक्टचं. एका मठात शिरायचं आणि मरेपर्यंत त्याच मठात राहायचं, प्रार्थना आणि काम. असं राहणारा तो मंक. आता इथे एक गंमत बघा, मंकाच्या स्वतःच्या नावावर काहीही नसायचं, अगदी पेनसुद्धा मठाचं, पण मठाच्या नावावर मात्र शेती, जंगलं, पाणचक्क्या, कुळं सगळं असायचं. लोक पुण्य म्हणून जमिनी दान करायचे, मठ खर्च करत नसे, शे-दोनशे वर्षांत मठ गावातला सगळ्यात मोठा जमीनदार. प्रत्येक भिक्षू गरीब आणि सगळे मिळून गडगंज. फ्रान्सिसचं म्हणणं नेमकं ह्याच्या विरुद्ध होतं. एकेकट्याच्या नावावर नाही आणि सगळ्यांच्या मिळून नावावरही नाही, घर नाही, जागा नाही, काहीच नाही.

आता हा माणूस. जन्म ११८१ किंवा ११८२, गाव असिसी, मध्य इटलीत डोंगराच्या उतारावर. वडील पिएत्रो दि बेर्नार्दोने, कापडाचे मोठे व्यापारी, फ्रान्सला जाऊन माल आणायचे. आईने बाप्तिस्म्याला नाव ठेवलं जोव्हानी, बाप फ्रान्सवरून परत आला आणि म्हणाला नाही, फ्रान्चेस्को, म्हणजे साधारण 'फ्रेंचवाला'. पोरगा उधळा, मित्रांना पार्ट्या देणारा, गाणी म्हणणारा, सरदार व्हायचं स्वप्न बघणारा. १२०२ मध्ये असिसीची शेजारच्या पेरुजाशी लढाई झाली, त्यात पकडला गेला, वर्षभर कैद, मग आजारपण, पुन्हा लढाईला निघाला आणि स्पोलेतोहून अर्ध्या वाटेतून परत आला. घरच्यांच्या भाषेत, पोरगं हातचं गेलं.

त्याने स्वतः मरायच्या आधी जे मृत्युपत्र सांगून लिहून घेतलं त्यात लढाईबिढाई काही नाही, सुरुवात आहे महारोग्यांपासून. म्हणतो की पापात होतो तेव्हा महारोगी बघणंसुद्धा मला कडू वाटायचं, देवाने मला त्यांच्यात नेलं, आणि जे कडू होतं तेच गोड झालं. मला वाटतं ह्या गोष्टीकडे लोक पुरेसं बघत नाहीत, पक्षी आणि लांडग्यांच्या गोष्टी जास्त चालतात.

मग सान दामियानोचं पडकं देऊळ, तिथल्या क्रूसावरून आवाज आला म्हणतात, माझं घर दुरुस्त कर, बघ कसं मोडकळीला आलंय. फ्रान्सिसने ते शब्दशः घेतलं. दुकानातलं भारी कापड उचललं, घोड्यावर घातलं, फोलिन्योच्या बाजारात कापड विकलं, घोडाही विकला, आणि पैसे आणून तिथल्या पाद्रीबाबांपुढे धरले. पाद्रीबाबा शहाणे, त्यांनी हात लावला नाही, बापाचा माल आहे हे त्यांना कळत होतं. फ्रान्सिसने पैसे तसेच खिडकीत टाकून दिले.

पिएत्रोला गोष्टींमध्ये नेहमी खलनायक करतात. मला त्याची दयाच येते. ज्याच्यासाठी धंदा वाढवला तोच मुलगा माल विकून पैसे खिडकीत फेकतोय, कुठल्याही बापाचं डोकं फिरेल. त्याने आधी घरात कोंडलं, मग प्रकरण गेलं बिशप ग्विदोपुढे, सगळ्या गावासमोर. बिशप म्हणाला पैसे परत कर. फ्रान्सिस आत गेला, अंगावरचे सगळे कपडे उतरवले, त्याची घडी केली, घडीवर पैसे ठेवले, आणि तसाच नागडा बाहेर येऊन बापाच्या हातात दिलं सगळं. म्हणाला आतापर्यंत पिएत्रोला बाप म्हणत होतो, आता स्वर्गातल्या बापालाच बाप म्हणणार. बिशपने पटकन आपल्या झग्यात त्याला झाकलं. साल १२०६. कपडेसुद्धा बापाच्या पैशाचे होते म्हणून तेही परत केले, म्हणजे 'हे कोणाचं?' हा प्रश्न इथून सुरू होतो आणि पुढे सव्वाशे वर्षं ह्या ऑर्डरचा पिच्छा सोडत नाही.

ऑर्डर काढायची असं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. दोनेक वर्षं एकटाच दगड मागत हिंडायचा आणि पडकी चर्च दुरुस्त करायचा. मग १२०८ च्या सुमाराला पोर्चुन्कुला नावाच्या छोट्याशा चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला तो उतारा त्याने ऐकला जिथे येशू शिष्यांना पाठवताना सांगतो, सोनं नको, चांदी नको, झोळी नको, दोन अंगरखे नकोत, वहाणा नकोत, काठी नको. फ्रान्सिस म्हणाला हेच पाहिजे मला, आणि तिथल्या तिथे वहाणा काढल्या, काठी टाकली, कातडी पट्टा सोडून दोरी बांधली.

आणि आता माणसं यायला लागली. पहिला बेर्नार्दो, गावातला श्रीमंत माणूस, त्याने सगळं विकून चौकात गरिबांना वाटायला घेतलं. तेवढ्यात सिल्वेस्त्रो नावाचे एक पाद्री पुढे आले, ह्यांनी आधी फ्रान्सिसला चर्चच्या डागडुजीसाठी दगड विकले होते, म्हणाले दगडाचे पैसे तू मला कमी दिलेस. फ्रान्सिसने बेर्नार्दोच्या झग्यात हात घातला, मूठभर नाणी काढून दिली, पुन्हा घातला, पुन्हा मूठभर, आणि विचारलं, "फादर, झाला हिशोब पुरा?" म्हणाले, झाला. पण घरी गेल्यावर ती नाणी त्यांना रात्रभर टोचत राहिली असणार, कारण थोड्या दिवसांनी हेच सिल्वेस्त्रो ह्याच भिकाऱ्यांच्या टोळीत सामील झाले, ऑर्डरमधले पहिले पाद्री तेच.

फ्रान्सिससकट बारा जण झाले तेव्हा ते उठून थेट रोमला गेले, पोपकडे. वर्ष १२०९, काही जण १२१० धरतात. आता हा मुद्दा नीट समजून घ्या कारण सगळं इथेच अडलं असतं. गरीब राहून गावोगाव बायबल सांगत फिरणं ह्यात पोपच्या परवानगीची काय गरज? गरज होती, कारण हेच आधी एकाने करून बघितलं होतं. लियों शहरातला वाल्दो नावाचा व्यापारी, ११७० च्या दशकात त्यानेही धन वाटून टाकलं, तोही रस्त्यावर उपदेश करायला लागला, त्यालाही लोक चिकटले. बिशप म्हणाले उपदेशाची परवानगी नाही, हे म्हणाले माणसाचं ऐकू की देवाचं, आणि ११८४ मध्ये पोपने ह्या मंडळींना पाखंडी ठरवून बाहेर काढलं. म्हणजे वाल्दो आणि फ्रान्सिस, दोघांची सुरुवात इतकी सारखी की डावी-उजवी करणं कठीण. त्या काळात शहरं वाढत होती, नाण्याचा व्यवहार वाढत होता, नवश्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरात मनाला टोचणी लागत होती, आणि चर्चचे बिशप स्वतः सरदारांसारखे राहत होते, त्यामुळे अनवाणी चालणारा माणूस दिसला की लोक त्याच्या मागे जायचे. रोमला भीती वाटणं साहजिक होतं.

पोप होता तिसरा इनोसंट, ३७ व्या वर्षी पोप झालेला, अत्यंत हुशार आणि तितकाच राजकारणी माणूस. आधीच्या पोपांनी ज्यांना हाकललं त्यातल्या काही गटांना त्याने परत आत घ्यायला सुरुवात केली होती. तरी फ्रान्सिसचं ऐकून कार्डिनल मंडळी, म्हणजे पोपचे वरिष्ठ सल्लागार, म्हणाली हे फार कडक आहे, माणसाला झेपणार नाही. त्यावर जोव्हानी दि सान पाओलो ह्या कार्डिनलने जे सांगितलं म्हणतात ते वकिलाच्या तोंडात शोभेल असं आहे: हा माणूस फक्त शुभवर्तमानाप्रमाणे जगायची परवानगी मागतोय, ते अशक्य आहे असं आपण म्हटलं तर शुभवर्तमानच अशक्य आहे असं म्हटल्यासारखं होईल. झालं, सगळे गप्प. पोपला स्वप्न पडल्याचीही गोष्ट आहे, लॅटरन बॅसिलिका, म्हणजे रोममधलं पोपचं मुख्य चर्च, कलली आहे आणि एक किरकोळ माणूस खांदा देऊन ती पेलतोय. स्वप्नाचं सोडून द्या, इनोसंटने केलं काय तर तोंडी मंजुरी दिली. कागद नाही, शिक्का नाही. जा, उपदेश करा, देवाने वाढवलं तर परत या, मग बघू. फायदा झाला तर आपलाच, फसलं तर कागद कुठेय?

पण ह्याच तोंडी मंजुरीने पुढे वाचवलं. १२१५ मध्ये लॅटरनला मोठी धर्मपरिषद भरली आणि तिने ठरवलं की नवीन ऑर्डरी बास झाल्या, ज्याला काढायची त्याने जुनीच नियमावली घ्यायची. स्पेनचा डॉमिनिक त्याच वेळी आपली ऑर्डर मंजूर करून घ्यायला बघत होता, त्याला संत ऑगस्टीनची जुनी नियमावली घ्यावी लागली आणि १२१६ च्या डिसेंबरात त्याचं काम झालं. फ्रान्सिस्कन म्हणाले आम्हाला तर आधीच हो म्हटलंय.

नाव काय घेतलं, तर फ्रात्रेस मिनोरेस, म्हणजे धाकटे भाऊ, लहान भाऊ. असिसीत तेव्हा सरदार वर्गाला माजोरेस आणि सामान्यांना मिनोरेस म्हणायचे, त्यांच्यात मारामाऱ्या होत होत्या, फ्रान्सिसने मुद्दाम खालच्यांचं नाव उचललं. फ्रात्रेसपासूनच फ्रायर हा शब्द. मंक मठात राहतो, फ्रायर रस्त्यावर, आज इथे उद्या तिथे, लोकांच्या शेतात काम करायचं, मोबदल्यात भाकरी घ्यायची, पैसा नाही, काम नाही मिळालं तर दारोदार मागायचं. माधुकरीच म्हणा.

राहायला आधी रिवोतोर्तोला एक खोपटं होतं, इतकं लहान की कोण कुठे बसणार त्यासाठी फ्रान्सिसने तुळयांवर नावं लिहिली होती. तिथे एक शेतकरी गाढव घेऊन घुसला आणि हे लोक निमूट निघून गेले. मग बेनेडिक्टच्या मठवाल्यांनी पोर्चुन्कुला वापरायला दिलं. फ्रान्सिसने फुकट घेतलं नाही, दर वर्षी नदीतल्या छोट्या माशांची एक टोपली भाडं म्हणून पाठवायचा, आणि मठवाले उलट तेलाचा एक बुधला द्यायचे. टोपलीभर मासे म्हणजे भाडं नाहीच, ती फक्त आठवण, की ही जागा आमची नाही.

क्लारा आली १२१२ च्या आसपास. चांगल्या घरची, सतरा-अठरा वर्षांची, झावळ्यांच्या रविवारी रात्री घरातून निघून पोर्चुन्कुलाला आली, फ्रान्सिसने तिचे केस कापले. घरचे पुरुष ओढून न्यायला आले तेव्हा तिने वेदीचं कापड घट्ट धरलं आणि डोक्यावरचं वस्त्र बाजूला केलं, ते भादरलेलं डोकं बघून ते परत गेले. पुढची चाळीस वर्षं सान दामियानोला. आणि बाई इतकी चिवट की पोप नववा ग्रेगरी तिला म्हणाला अगं बायांना थोडी मिळकत असू दे, हवं तर तुला व्रतातून मोकळी करतो, तर म्हणाली पापातून मोकळी करा, ख्रिस्ताच्या मागे जाण्यातून नको. स्वतः नियमावली लिहिली, बायकांच्या संघासाठी बाईनेच लिहिलेली ती पहिली, आणि पोपची मंजुरी आली ९ ऑगस्ट १२५३ ला. क्लारा गेली ११ ऑगस्टला. दोन दिवस.

इकडे पुरुषांची संख्या बेसुमार वाढली. बाराचे दहा वर्षांत हजारो झाले, कुणी पाच हजार सांगतं, कुणी तीन हजार. १२१७ पासून देशाबाहेर टोळ्या पाठवायला लागले आणि तयारी शून्य. जर्मनीला साठेक जण गेले, कोणालाच जर्मन येत नाही. कोणीतरी विचारलं राहायला जागा, जेवण पाहिजे का, हे म्हणाले 'या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो'. छान सोय झाली. मग ह्यांनी ठरवलं की कोणीही काहीही विचारलं तरी 'या' म्हणायचं. पुढच्या गावी विचारलं, तुम्ही लोम्बार्डीतले पाखंडी आहात का, आमच्याकडे बिघडवायला आलात का? "या!" बेदम मार खाल्ला, काहींचे कपडे काढून लोकांसमोर धिंड काढली, आणि परत आल्यावर जर्मनीचं नाव काढलं तरी लोक थरथरायचे. हे सगळं ऑर्डरच्याच एका भावाने, जोर्दानोने, पुढे हसत हसत लिहून ठेवलंय.

१२१९ मध्ये फ्रान्सिस स्वतः इजिप्तला गेला, धर्मयुद्ध चालू असताना दाम्येताजवळ सुलतान अल-कामिलला भेटला, सुलतानाने ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. पण मागे घरी ज्यांच्यावर कारभार सोपवला होता त्यांनी नवे उपासाचे नियम काढले, जास्त दिवस मांस बंद वगैरे. एक भाऊ पळत पळत हे नियम घेऊन फ्रान्सिसकडे पोचला तेव्हा ताटात नेमकं मांसच होतं. फ्रान्सिसने शेजारच्या पिएत्रो कात्तानीला विचारलं, "पिएत्रोराव, काय करायचं?" तो कायदा शिकलेला माणूस, म्हणाला अधिकार तुमचा आहे, तुम्ही म्हणाल ते. फ्रान्सिस म्हणाला मग खाऊ या, शुभवर्तमानात लिहिलंय जे पुढे येईल ते खावं.

परत आल्यावर मात्र त्याला कळलं की हे आपल्याच्याने होत नाही. १२२० मध्ये त्याने कारभार सोडला, पिएत्रो कात्तानीला दिला, तो काही महिन्यांतच वारला, मग एलिया नावाच्या भावाला. त्याच वर्षी पोपने नियम घातला की ज्याला यायचंय त्याने आधी वर्षभर उमेदवारी करायची, तोपर्यंत जो येईल त्याला दोरी बांधून टाकायचे. एवढं सगळं होईपर्यंत ह्या हजारो माणसांकडे धड लिहिलेली मंजूर नियमावली नव्हती! १२२१ मध्ये फ्रान्सिसने एक लिहिली, लांबलचक, बायबलच्या वचनांनी भरलेली, अर्धी प्रार्थना अर्धे नियम, ती मंजूर झाली नाही. मग कार्डिनल उगोलिनोच्या मदतीने आटोपशीर बारा प्रकरणांची झाली, आणि २९ नोव्हेंबर १२२३ ला पोप तिसऱ्या होनोरियसने शिक्कामोर्तब केलं. ऑर्डर 'स्थापन' कधी झाली विचाराल तर पुस्तकं १२०९ सांगतात, पण कागदोपत्री बघितलं तर १२२३, मधली चौदा वर्षं सगळं तोंडी शब्दावर चाललं.

ह्या नियमावलीत काय आहे? नाणी किंवा पैसा स्वतः घ्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही घ्यायचा नाही. घर, जागा, काहीही आपलं करायचं नाही. आजाऱ्यांसाठी आणि कपड्यांसाठी हितचिंतकांमार्फत सोय, एवढी एकच फट. पैशाबद्दल फ्रान्सिस किती कडक होता बघा, कोणी भक्ताने चर्चमध्ये ठेवलेलं नाणं एका भावाने नुसतं उचलून खिडकीत टाकलं, तर त्याला ते नाणं तोंडात धरून बाहेर न्यायला लावलं आणि गाढवाच्या लेंडावर टाकायला लावलं. एका उमेदवाराला स्तोत्रांचं पुस्तक हवं होतं, त्या काळी पुस्तक म्हणजे महागडी वस्तू. फ्रान्सिस म्हणाला आज स्तोत्रांचं मिळेल, उद्या प्रार्थनेचं मोठं पुस्तक हवंसं वाटेल, मग मोठ्या साहेबासारखा खुर्चीत बसशील आणि भावाला सांगशील, जा रे, माझं पुस्तक आण.

पण हजारो माणसांना छप्पर लागतं. आणि इथेच ती पळवाट जन्माला आली, तिची जन्मवेळच आपल्याला दिसते. एकदा पोर्चुन्कुलाला मोठं संमेलन भरणार होतं आणि फ्रान्सिस बाहेरगावी, तेवढ्यात असिसीच्या नगरपालिकेने भावांसाठी घाईघाईत एक पक्कं घर बांधलं. फ्रान्सिस आला, घर बघितलं, शिडी लावून छपरावर चढला, आणि कौलं उचकटून खाली फेकायला लागला, बाकीच्या भावांनाही वर बोलावलं. खाली गावचे शिपाई उभे होते, ते ओरडले, "अहो थांबा, हे घर गावाचं आहे, तुमचं नाही!" फ्रान्सिस थांबला. म्हणाला तुमचं असेल तर मी हात लावणार नाही, आणि खाली उतरला. दुसऱ्यांदा बोलोन्यात, कानावर आलं की तिथे 'भावांचं घर' झालंय, ह्याने सगळ्यांना बाहेर काढलं, आजारी होते त्यांनासुद्धा. शेवटी उगोलिनोने भर सभेत जाहीर केलं की ते घर माझं आहे, तेव्हा परत आत घेतलं.

भाऊ तिथेच राहणार, वापरणार तेच, फक्त नाव दुसऱ्याचं. फ्रान्सिसला हे चालत होतं कारण त्याच्यासाठी ते मनापासून दुसऱ्याचं होतं, उद्या निघा म्हटलं तर तो निघाला असता, गाढववाल्यासाठी निघालाच होता. पण हेच सूत्र वकिलांच्या हातात पडल्यावर काय होतं बघा.

फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ ला संध्याकाळी गेला, पोर्चुन्कुलाला, जमिनीवर. मृत्युपत्रात बजावून गेला की रोमकडून सवलतीचे कागद मागू नका, आणि नियमावलीला 'याचा अर्थ असा घ्यायचा' असल्या टीपा जोडू नका. वर्षभरात उगोलिनोच पोप झाला, नववा ग्रेगरी, ह्याच ग्रेगरीचं क्लाराशी वाजलं होतं. १२२८ मध्ये त्याने मित्राला संत जाहीर केलं आणि असिसीत भव्य बॅसिलिकेचा पाया घातला, जागेचा कागद अर्थातच पोपच्या नावाने. मग १२३० मध्ये फ्रान्सिस्कनच त्याच्याकडे गेले, विचारायला की मृत्युपत्र आम्हाला बंधनकारक आहे का. ग्रेगरी म्हणाला, नाही. आणि वर 'याचा अर्थ असा घ्यायचा' सांगितलं: वस्तू तुमच्या नाहीत, तुम्हाला फक्त वापर आहे, पैशाचा व्यवहार भक्तांनी नेमलेला माणूस करेल. १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने शेवटचा खिळा ठोकला, देणगीदाराने मालकी स्वतःकडे ठेवली नसेल तर घरं, चर्च, पुस्तकं सगळ्याची मालकी पोपच्या गादीची. आपल्या भाषेत, सातबारा पोपच्या नावावर आणि कसणारे फ्रान्सिस्कन, तेही बिनखंडाने.

काही भावांना ही शुद्ध फसवणूक वाटली. त्यांना पुढे स्पिरिच्युअल म्हणायला लागले, त्यांचं म्हणणं नाव कोणाचंही असो, भरलेलं कोठार ते कोठार, वापरही गरिबासारखाच पाहिजे. भांडण विकोपाला गेलं ते पोप बाविसाव्या जॉनच्या काळात. १३१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरात चार स्पिरिच्युअल फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळलं. आणि १३२२ मध्ये जॉनने मालकीचं सोंगच उतरवलं. म्हणाला अंडं, चीज, पावाचा तुकडा, जे खाल्लं की संपतं त्याचा 'वापर' वेगळा आणि 'मालकी' वेगळी कशी? तुम्ही गिळलेल्या अंड्याची मालक रोम, असं कोणता शहाणा माणूस म्हणेल? पुढच्या वर्षी त्याने ख्रिस्त आणि शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं हे म्हणणंसुद्धा पाखंड ठरवलं. गंमत अशी की ह्या मुद्द्यावर स्पिरिच्युअलच नाही तर ऑर्डरचा मुख्यच पोपच्या विरुद्ध गेला, १३२८ मध्ये तो आणि विल्यम ऑफ ओकॅम हा इंग्लिश फ्रान्सिस्कन विचारवंत रात्रीतून आविन्योहून पळाले, पोप तेव्हा रोमला नाही, फ्रान्सकडच्या ह्या आविन्योत राहायचा. माणसाचा वस्तूवर हक्क म्हणजे नेमकं काय, ह्यावरचं युरोपातलं सगळ्यात बारीक कायदेशीर लिखाण ह्या अंड्याच्या भांडणात झालं, तेही ज्यांच्याकडे काहीच नाही अशा लोकांकडून.

आता ठाणं. इटलीत स्पिरिच्युअलांना कोंडत होते तेव्हा त्यात तोलेन्तिनोचा थॉमस होता, गुन्हा काय तर गरिबी फार मनावर घेतली. १२८९ नंतर नव्या मुख्याने त्यांना सोडवलं, म्हणाला म्हणे की असल्या गुन्ह्यात सगळी ऑर्डरच दोषी असती तर बरं झालं असतं, आणि लांब आर्मेनियाला पाठवून दिलं, नजरेआड. तिथून पर्शिया, मग चीनला जायचं म्हणून होर्मुझहून जहाजात बसले, आणि जहाज लागलं ठाण्याला. बरोबर पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हा दुभाषा, शिवाय जॉर्डन नावाचा एक डॉमिनिकन. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिश्चनांची, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, काही घरं होती, तिथे उतरले. ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन नंतर इथे आला, त्याने लिहून ठेवलंय की यजमानांच्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली, साक्षीला कोण म्हटल्यावर पाहुण्यांचं नाव निघालं. पाहुण्यांना बोलावलं, बोलणं नवरा-बायकोवरून धर्मावर गेलं, आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघं मारले गेले. जॉर्डन तेव्हा बाहेर गेला होता म्हणून वाचला, त्यानेच त्यांना सोपाऱ्यात पुरलं. आपलं नालासोपारा.

तिकडे अंड्याच्या मालकीचा वाद रंगात येत होता त्याच सुमाराला ओडोरिकने सोपाऱ्यातून ती हाडं काढली, कापडात बांधली आणि जहाजाने चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या च्वानचौला, तिथल्या फ्रान्सिस्कनांकडे नेली. वाटेत वारा पडला, जहाज हलेना, सगळ्यांनी आपापल्या देवाची प्रार्थना करून झाली, तेव्हा ओडोरिकने गुपचूप नोकराच्या हाताने एक हाड समुद्रात सोडलं आणि वारा सुटला, असं तो स्वतः सांगतो.

गोव्यात फ्रान्सिस्कन आले १५१७ मध्ये. त्याच वर्षी तिकडे रोममध्ये पोपने ऑर्डरचे अधिकृत दोन तुकडे केले, गरिबी कडक पाळणारे वेगळे आणि सवलतवाले वेगळे, आणि त्यानंतर दहाएक वर्षांत कापुचिन हा तिसराही निघाला. ओल्ड गोव्याचं ते चर्च सुरुवातीला १५२१ चं, आत्ता दिसतं ते १६६१ मध्ये नव्याने बांधलेलं, आत लाकडावर सोन्याचा मुलामा, भिंतींवर फ्रान्सिसच्या आयुष्यातली चित्रं, आणि हे सगळं बघून त्याने शिडी मागितली असती असं मला तरी वाटलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच गोव्यातल्या सगळ्या ऑर्डरी बंद करून मठ ताब्यात घेतले. आज मठाच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, आणि संरक्षित स्मारक म्हणून देखभालही त्याच खात्याकडे. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग मालक कोण आता? म्हटलं, सरकार. फ्रान्सिस्कनांचं तिथे काही नाही.